हजेरीत नसलेलं नाव

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी निवृत्त केळुस्कर बाईंनी दहावीच्या १९९६च्या वर्गाची जुनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. नाव आलं की उभं राहायचं, 'हजर' म्हणायचं, नोकरी, संसार, मुलं सांगून खाली बसायचं, ही या मेळाव्याची पद्धत. कुणी हॉटेल काढलं होतं, कुणाची मुलगी यंदा दहावीला होती.

बेचाळीस नावं संपली आणि बाईंनी हजेरीपट मिटला.

"बाई, मी राहिलो की," बायकोला, शलाकाला, सोबत घेऊन आलेला उदय हसत म्हणाला.

बाईंनी पुन्हा यादीवरून बोट फिरवलं. "माणगावकर ना तू? नववीतच दाखला काढलास रे. वडील आले होते तुझे."

"शेवटच्या बाकावर डबे कोण खायचं मग?" मागून कुणीतरी ओरडलं.

"ते आठवीत!" दुसऱ्याने सांगितलं. सगळे हसले.

शलाका हसली नाही. उदयची सरकारी नोकरी दहावी पास झाल्याच्या दाखल्यावर लागली होती. तो दाखला याच शाळेचा होता. एकोणीस वर्षं तिनेच तो कपाटात जपला होता.

"बाईंचं वय झालंय," परतताना गाडीत तो म्हणाला. तिने काही विचारलं नव्हतं.

सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर तिने शाळेत फोन लावला. स्वतःचं नाव न सांगता, शहाण्णवचं दाखल्यांचं रजिस्टर बघायला मिळेल का, असं विचारलं.

"थांबावं लागेल, ताई," लेखनिक म्हणाला. "सकाळपासून माणगावकर म्हणून एक माजी विद्यार्थी तेच घेऊन बसलेत."