खालचं शेत

"माती शिकायला कॉलेजात कशाला जावं लागतं?" चहाचा कप खाली ठेवत आबासाहेबांनी विचारलं. कल्याणी आईवडिलांबरोबर त्यांचं घर आणि शेत बघायला आली होती. मुलगा पसंत होता, फक्त बैठक ठरायची बाकी होती.

"मृद व जलसंधारणात एम.टेक. केलंय तिनं. सरकारी नोकरी आहे," तिचे वडील हळूच म्हणाले.

"असू द्या. लग्नानंतर सोडली तरी आमचं काही अडणार नाही," म्हणत आबासाहेबांनी सगळ्यांना शेतावर नेलं. डोंगराच्या उतारावर सलग बारा एकर. मधले सगळे बांध त्यांनी जेसीबी लावून काढून टाकले होते.

"एका नजरेत मावत नाही बघ, पोरी!"

कल्याणीनं वाकून एक ढेकूळ उचललं, चुरडलं. पावसानं पाडलेल्या घळी थेट खालच्या शेतात उतरल्या होत्या आणि तिथं वीतभर काळी माती साचली होती.

"दहा वर्षांत इथं नुसता मुरूम उरेल. तुमची सगळी माती खालच्या शेतात चाललीय."

"मग तुझं म्हणणं काय?"

"खालच्या शेतवाल्यांना मुलगा आहे का?"

आईनं कपाळावर हात मारला. नवरा मुलगा खुदकन हसला आणि वडिलांचा चेहरा बघून गप्प झाला. सोयरीक तिथंच मोडली.

वैशाखात आबासाहेब अर्ज घेऊन तिच्या ऑफिसात आले. उभ्या उभ्याच त्यांनी विचारलं, "मॅडम, बांध कुठून घालायला लागायचं?"

"माथ्यापासून," कल्याणी म्हणाली आणि तिनं खुर्ची पुढे केली.