बाजूचं बटण

जयसिंगपुरात बियाणांचं दुकान असलेल्या बाबासोंच्या घरात साधा कुकर घ्यायचा असला, तरी बैठक बसायची. आज दिवस मावळायच्या आत जेवणं उरकत आली होती आणि ताटांच्या मधोमध अनुजाचा लॅपटॉप उघडा होता. तिला लिनक्सवर चालणारा फोन घ्यायचा होता. किंमत साठ हजार.

म्हैस घेताना करावी तशी बाबासोंनी चौकशी केली. बॅटरी किती चालते? दुपारपर्यंत, लेकीनं खरं ते सांगितलं. कॅमेरा? बेताचाच. बँकेचं ॲप? चालत नाही. थोरला मुलगा अरिहंत हसला. घरातले सगळे फोन तोच निवडायचा, तोच सुरू करून द्यायचा. अनुजाचा वीस हजारांचा फोनही त्यानंच वाढदिवसाला दिलेला, आणि तो या साठ हजारवाल्याला सगळ्याच बाबतीत भारी पडत होता.

"मग वरचं चाळीस हजार कशाचं?" बाबासोंनी विचारलं.

"ह्या बटणाचं, अण्णा." तिनं चित्रातल्या फोनच्या कडेवर बोट ठेवलं. ते सरकवलं की माइकची आणि कॅमेऱ्याची वीज आतूनच तुटते. मग कुणाला चोरून ऐकता येत नाही.

"आपल्यात चोरून ऐकायला काय सोनं पुरलंय व्हय?" अरिहंत म्हणाला.

बाबासोंना ते पटलं. खरं तर अनुजालाही थोडं पटलं होतं. नुसत्या बटणापायी एवढे पैसे म्हणजे चैनच.

आईनं ताकाची वाटी तिच्यापुढं सरकवली आणि मायेनं समजूत घातली. "त्यापरास पैसं राखून ठेव की. बेंगळूरला खोलीचं डिपॉझिट भरायला लागंल तुला."

अनुजाचा घास हातातच राहिला. बेंगळूरच्या नोकरीचं तिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा गच्चीवर मैत्रिणीच्या कानावर घातलं होतं, तेही समोरासमोर. फोन नुसता कठड्यावर पडलेला होता.

"आई, तुला कुणी सांगितलं?"

आईनं अरिहंतकडं बघितलं, आणि तो ताटाकडं बघत राहिला. त्यानं वाढदिवसाला दिलेला फोन अनुजाकडं येऊन सात महिने झाले होते. एवढ्या दिवसांत आपण कुणाकुणाशी काय काय बोललो, हे ती आठवू लागली.

"काळजीपोटी केलं," अरिहंत म्हणाला. "घरच्यांनीच ऐकलं न्हवं? परकं कोण हाय?"

बाबासोंनी बेंगळूरचं काहीच विचारलं नाही. त्यांनी खिशातला आपला फोन काढला आणि उलटासुलटा करून बघितला. कडेला आवाज कमीजास्त करायचं तेवढं बटण होतं.

"माझा बी तूच सुरू करून दिलायस, न्हवं?"

बाबासोंनी फोन अरिहंतच्या ताटाशेजारी ठेवला, हात धुतले आणि ते लेकीकडं वळले.

"दोन मागव."