सहा नंबरचं लाल निशाण

“उतरवा ते खाली,” एबेल थर्कल म्हणाला.

चित्रकार डन्सली आपल्या दुकानाच्या खिडकीकडे वळले. बाहेर दोन बायका छत्र्या मिटून खिडकीत लावलेलं ते चित्र न्याहाळत होत्या. ओहोटीची वाळू, बिअरची हातगाडी, गाढवावर बसलेली पोरं, पाण्यात ओळीने उभ्या आंघोळीच्या गाड्या, म्हणजे कपडे बदलायला घोड्याने ओढत नेलेल्या चाकांवरच्या खोल्या. खाली लिहिलं होतं, ‘सुट्टीचा दिवस’.

“सुट्टीचा दिवस!” एबेलने टेबलावर मूठ आपटली. भांड्यातलं रंगाचं पाणी सांडलं. “माझी बायको बुडाली त्या दिवशी!”

“दाजी, हळू,” मेहुणी डॉर्कस म्हणाली. एबेलची रिकामी डावी बाही निसटली होती. तिने ती पुन्हा कोटाच्या खिशात खोचली. त्याची बायको केझाया रोज सकाळी हेच करायची.

केझायाचं काम आंघोळीला आलेल्या बायकांना पाण्यात धरून ठेवायचं. गेल्या ऑगस्टमध्ये लाट आली. तिने हातातल्या बाईला सहा नंबरच्या गाडीच्या पायरीवर ढकललं आणि स्वतः ओढली गेली. त्या बाईने गाडीच्या छतावरचं लाल निशाण वर केलं. निशाण वर गेलं की मदतीला घोडा ताबडतोब पाण्यात घालायचा. घोडा एबेलचा होता.

‘मी टोकाची एक नंबरची गाडी काढत होतो, तिथून निशाण दिसत नाही,’ असं त्याने चौकशीत शपथेवर सांगितलं. कोणी त्याला दोष दिला नाही. गावातल्या बायकांनी महिनाभर त्याच्या घरी सूप पोचवलं.

त्याने चित्रावर बोट ठेवलं. “हे बघा. सहा नंबर. निशाण वर आहे. म्हणजे तुम्ही पाहिलंत! पाहिलंत आणि रंगवत बसलात. तोंड नव्हतं तुम्हाला?”

“मी ओरडलो.”

“कोणाला?”

डन्सली फडक्याने सांडलेलं पाणी टिपत राहिले.

“बघितलंस, डॉर्कस? दातखीळ बसली. तुझ्या बहिणीच्या जिवापेक्षा साहेबांना रंग वाळायची काळजी!”

“लावायला नको होतं मी ते,” डन्सली म्हणाले. त्यांनी चित्र खिडकीतून काढून टेबलावर ठेवलं. “घेऊन जा, थर्कल. फाडा, जाळा. मला एक पेनीही नको.”

“जाळणारच आहे.” एबेलने हात पुढे केला.

चित्र डॉर्कसने आधी उचललं. “थांबा दाजी. एकदा मला तिला बघू दे.”

“काय बघायचंय त्यात? दे इकडे.”

पाण्यात केझायाची पांढरी टोपी तेवढी दिसत होती, तांदळाच्या दाण्याएवढी. डॉर्कसने डोळे पुसले. मग तिची नजर वाळूवर गेली. घोडा एकटाच उभा होता. त्याच्या पलीकडे, हातगाडीपाशी, कागद फिकट पडला होता.

“हा डाग कसला, साहेब?”

“तिथे एक माणूस होता. चौकशीनंतर ओल्या स्पंजाने पुसला.”

“का?”

“बायको गेली होती त्याची.”

“डॉर्कस, दे म्हणतो ना!”

तिने कागद उजेडात तिरका धरला. रंग गेला होता, पण खालची पेन्सिल गेली नव्हती. समुद्राकडे पाठ करून एक माणूस उजव्या हाताने ओठांना मग लावून उभा होता. डावी बाही सपाट होती, नीट कोटाच्या खिशात खोचलेली.