गुरुवारची गाडी

गुरुवार, १८ एप्रिल १९९६. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी शरच्चंद्र आगाशे यांची गाडी पुन्हा चालू झाली नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी येरवड्यात, कादरच्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन वाजला.

"कादरभाई, वारज्याचा फोन!" दुकानदार संपतने हाक मारली. "तुमच्या त्या गाडीला वार बरा कळतो."

कादरने चपला आधीच घातल्या होत्या.

गुरुवारी त्या भागात वीज नसे, म्हणून त्याचं गॅरेजही बंद असे. मुलगा सिराज दुबईला. बायको मदिनाबी जून त्र्याण्णवच्या पहिल्या आठवड्यात गेली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी कादर मूठभर भात शिजवी आणि उभ्यानेच खाई.

स्कूटरवरून वारजे गाठायला पाऊण तास लागला. आगाशे फाटकाशीच उभे होते. वेधशाळेतून निवृत्त झालेले. पत्नी सुनीती वारल्या होत्या, मुलगी हेमा इंदूरला. नोंदी करायची सवय मात्र नोकरीबरोबर सुटली नव्हती. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते निळ्या शाईने तारीख आणि सूचना लिहीत. दिव्याच्या होल्डरजवळ, ‘१४ जानेवारी १९९५. बल्ब नवा. जपून.’ लोणच्याच्या बरणीवर, ‘१० एप्रिल. इतक्यात उघडू नये.’

"काय झालं साहेब?"

"मंडईतून आलो, बंद केली. आत घ्यायला फाटक उघडलं, किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता टक् करतो. त्याला झाला एक तास. तुम्ही काय स्कूटर ढकलत आलात?"

"बघतो." कादर बॉनेटकडे वळला.

"आधी चहा. गाडी कुठे पळून जात नाही. तोच तर तिचा आजार आहे."

टेबलावर दोन कप मांडलेलेच होते. कादरने ते पाहिले आणि खुर्ची ओढली.

"सिराजचं पत्र?" आगाशेंनी विचारलं.

"नाही आलं."

"हेमाचंही नाही. पोस्टमनच आळशी असणार."

दोघंही हसले. चहा झाला, मग भाजलेले शेंगदाणे झाले, मग पुन्हा अर्धा कप चहा झाला. चार वाजता कादरने बॉनेट उघडलं, इकडेतिकडे हात लावला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. नेहमीसारखी.

"तुम्हाला घाबरते," आगाशे म्हणाले.

या गाडीचं दुखणं कादरला कधीच सापडलं नव्हतं. सुरुवातीला ती कुठल्याही दिवशी अडे. त्याने बॅटरी बदलली, वायरी बदलल्या, सेल्फ खोलून साफ केला. पुढे, मदिनाबी गेल्यानंतर, ती बरोबर गुरुवारीच अडू लागली, आणि एकदा बॅटरीची टर्मिनलं आवळताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बिघाड गाडीत नव्हताच. एकटा म्हातारा माणूस. आठवडाभर बोलायला कोणी नाही. कादरची सुट्टी त्याला माहीत. वायर सैल करायची, फोन करायचा, आणि स्कूटरचा आवाज आला की वायर पुन्हा जोडायची.

कादरला राग आला नाही. उलट, त्या दिवसापासून त्याने हत्यारांची पेटी नेणं सोडलं. खिशात एक पाना ठेवी, तोही दाखवण्यापुरता.

"इतक्या लांब कशाला जाता दर वेळी?" संपत विचारी.

"जावं लागतं रे. बिचाऱ्याला आहे कोण?"

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. दोन वाजले, तीन वाजले. कादर चपला घालून दुकानाच्या पायरीवर बसून होता.

"आज गाडी सुधारली वाटतं," संपत म्हणाला.

"असेल."

त्याच्या पुढच्या गुरुवारी फोन आला, तो हेमाचा.

आगाशेंना अर्धांगवायूचा झटका आला होता. हेमा त्यांना इंदूरला पोचवून घर बंद करायला परत आली होती. कादर लगेच वारज्याला गेला.

"माणसं ओळखतात, काका. पण बोलता येत नाही. लिहिताही येत नाही." तिने गाडीची किल्ली पुढे केली. किल्लीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. ‘कादरभाईंना द्यावी.’

"हे कधी लिहिलं?"

"कोण जाणे. घरभर चिठ्ठ्याच आहेत."

स्कूटर तिथेच ठेवून कादर गाडी घेऊन निघाला. ऊन रणरणत होतं. येरवड्याच्या अलीकडे तो पेट्रोल पंपावर थांबला. टाकी भरली, किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. पंपावरच्या दोघांनी गाडी ढकलून झाडाखाली लावून दिली. कादरने बॉनेट उघडलं. सगळ्या वायरी घट्ट होत्या. सेल्फला बोट लावलं तर चटका बसला.

समोरच्या टपरीवर त्याने एक चहा घेतला, मग दुसरा. पाऊण तासाने किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

इंजिन तापलं की सेल्फवरचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला वीज जोडणारा खटका, चिकटत होता आणि निवला की सुटत होता. पाऊण तास स्कूटरचा, पाऊण तास चहाचा. तीन वर्षांत कादरने ही गाडी तापलेली असताना एकदाही तपासली नव्हती. म्हातारा खोटं बोलत नव्हता. कादरला स्वतःची लाज वाटली. दुखणं आज इथेच काढून टाकायचं, असं ठरवून त्याने गाडी बंद केली आणि पाने शोधायला डिकी उघडली.

पाने स्टेपनीच्या मागे होते. त्यांच्याखाली, फडक्यात गुंडाळलेला एक पुठ्ठ्याचा खोका होता. कादरने तो उघडला. आत याच गाडीचा सोलेनॉइड होता, नवा कोरा, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फाडलेली.

खोक्याच्या झाकणावर निळ्या शाईत, ओळखीच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘१९ जून १९९३. कादरभाईंना दाखवू नये.’