कॅमेरा कोणी धरला?

पडद्यावर, स्वतःच काढलेल्या प्रवासाच्या फिल्ममध्ये, आमची लेक मोठमोठ्याने गात हिमालयातल्या स्पितीच्या पठारावर चालत निघाली होती. पार ठिपक्याएवढी झाली, तशा हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

"एकटी गेले म्हणे! मग कॅमेरा कोणी धरला?" हे माझ्या कानात पुटपुटले. तिच्यासोबत कोणीतरी होतं, हा ह्यांचा पहिल्यापासूनचा संशय.

तेवढ्यात ठिपका थांबला, मागे वळला. सगळी वाट तुडवत ती धापा टाकत परत आली. वाऱ्याने लाल झालेला, हसरा चेहरा पडद्यावर वाकला. दगडावर ठेवलेला कॅमेरा उचलत ती त्यालाच म्हणाली, "चल रे, निघू या आता." फिल्म संपली.

बाहेर ती भेटली, तेव्हा हे तिच्या पायांकडेच बघत होते.

"म्हणजे प्रत्येक वाट दोनदा चाललीस?"

"तीनदा, बाबा. कॅमेरा घेऊन पुन्हा पुढे जायचंच होतं ना!"