चौथा प्रश्न

चंद्रशेखर देवस्थळी बसले नाहीत. मुख्याध्यापिका निगम मॅडमनी दोनदा खुर्चीकडे हात केला, तरी ते टेबलासमोर उभेच राहिले. हातातल्या कागदावर तीन प्रश्न टाइप केलेले होते.

"नऊ दिवस माझी मुलगी शाळेत आलेली नाही," ते हिंदीत म्हणाले. "पहला सवाल. उसके साथ क्या हो रहा है, आपके यहाँ किसी को पता क्यों नहीं चला?"

सावनी नववीत होती. जूनमध्ये नाचाच्या व्हिडिओंच्या एका ॲपवर कानपूरची एक मुलगी तिच्याशी बोलू लागली. ती मुलगी नव्हती. आधी एक फोटो मागितला गेला, मग धमकी देऊन आणखी. सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी त्यातला एक वर्गातल्या अकरा जणांच्या मोबाइलवर पोचला. सायबर सेलनं तक्रार घेतली तोवर ते खातं बंद झालं होतं.

तेव्हापासून सावनी उठ म्हटलं की उठायची, ताट समोर आलं की जेवायची. "आम्हाला का नाही सांगितलंस?" हे तिच्या आईनं, कल्पनानं, रोज विचारलं. उत्तर मिळालं नाही. आत्ता त्या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"सर, बुरा मत मानिए," निगम मॅडम म्हणाल्या. "फोन आपने दिलाया था, स्कूल ने नहीं."

"और बच्ची सात घंटे आपके पास रहती है."

मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी वर्गशिक्षक रस्तोगी सरांना फाइल आणायला सांगितली. शाळेनं आपलं काम केलं होतं. ऑगस्टमध्ये प्रत्येक मुलाकडून फॉर्म भरून घेतला होता. तो त्यांना दाखवायचा होता.

चंद्रशेखर थांबले. कागदांची त्यांना सवय होती. जानकीपुरम विस्तार या वस्तीतल्या औषध संशोधन संस्थेत ते एकोणीस वर्षं शास्त्रज्ञ होते. तिथं प्रयोगवहीच्या प्रत्येक पानाखाली दुसऱ्या कुणाची तरी सही लागते : वाचले, समजले. बाकीचे लोक ही सही चहा पिता पिता करत. चंद्रशेखर ओळ न् ओळ वाचत आणि मगच करत, सहीपुढे तारीख आणि वेळ घालून. गजेंद्र नावाच्या विद्यार्थ्याची बावीस पानं त्यांनी सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सहीविना परत केली होती. पोरं पाठीमागं म्हणत, "सर की साइन नहीं, बोर्ड का रिज़ल्ट है यार."

फाइल आली. रस्तोगी सरांनी फॉर्म काढला आणि न बघताच पुढे केला. वर छापलं होतं : ऑनलाइन सुरक्षा, साझा ज़िम्मेदारी; म्हणजे सगळ्यांची मिळून जबाबदारी. खाली पाच प्रश्न. पहिल्या तिन्हींपुढे सावनीच्या गोल अक्षरात 'नहीं' होतं. चौथा प्रश्न असा होता : कुणी अनोळखी व्यक्ती तुमच्याकडे फोटो मागते का, किंवा दबाव आणते का?

'हाँ. अब भी माँग रहा है.'

त्याखाली एक छापील ओळ होती : मैंने ऊपर लिखा पढ़ लिया है. तिच्याखाली तीन सह्या. एक रस्तोगी सरांची. एक शाळेच्या काउन्सेलरची. तिसरीपुढे तारीख होती, आणि वेळ. सकाळी सात वाजून पाच मिनिटं.

रस्तोगी सरांनी आता पहिल्यांदा कागदाकडे बघितलं. "बयालीस बच्चे हैं, सर," ते हळू म्हणाले. निगम मॅडमनी फाइल मिटली. पुढचे दोन प्रश्न कुणीच विचारले नाहीत.

चंद्रशेखरना ती सकाळ आठवली. फाटकाशी स्कूल बस हॉर्न वाजवत होती. सावनीनं फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि मधल्या एका ओळीवर बोट धरलं होतं. "अगं, सही खाली असते," ते म्हणाले होते, आणि तिचं बोट बाजूला करून त्यांनी खाली सही केली होती. ती क्षणभर तिथंच उभी राहिली होती. मग बसचा हॉर्न पुन्हा वाजला.

ते फॉर्म घेऊन बाहेर आले. बाकावर सावनीशेजारी बसले. कल्पनानं कागद बघितला, तिन्ही सह्या बघितल्या. नवऱ्याकडे बघितलं.

मैदानावर कुठल्या तरी वर्गाची कवायत चालू होती. शिट्टी वाजत होती.

"माझं चुकलं," चंद्रशेखर म्हणाले. "पण बाळा, त्यानंतर पाच आठवडे होते. तोंडानं एकदा तरी सांगायचंस."

सावनीनं फॉर्मवरून नजर उचलली नाही. नऊ दिवसांत ती पहिल्यांदा बोलली, आणि आवाजात राग नव्हता.

"साइन तर तिघांनी केलं होतं ना, बाबा. मला वाटलं तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणालाच त्यावर काही बोलायचं नाहीये."