वीस टक्क्यांची दाढ

दुखऱ्या दाढेत लवंग दाबून वसेकर मास्तर वर्षभर शिऱ्यावर जगले, पण दवाखान्याची पायरी चढले नाहीत. विमा कंपनी ऐंशी टक्के खर्च देणार आणि वीस टक्के आपण भरायचे, हे काही त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"विमा माझा, दाढही माझी, वर पैसेही माझेच?"

मे महिन्यात कंपनीचं पत्र आलं: यापुढे सगळा खर्च आमचा. मास्तर हातातला चहा तसाच टाकून दंतवैद्याकडे धावत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी तोंडात बॅटरी मारली. "दुखणारी दाढ कुठंय?"

"ती पाडव्याला साखरेच्या गाठीबरोबर पोटात गेली."

"मग आलात कशाला?"

मास्तर खुर्चीत ऐसपैस पसरले. "आता फुकट आहे ना? एखादी चांगलीशी बघून काढा!"